मागून आणलेली प्रयोगशाळा

आमच्या कॉलेजच्या हजेरीपटावर ‘कौतिक उखर्डू’ हे नाव शेवटून तिसरं होतं. त्याखाली फक्त दोन पहारेकरी. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, भौतिकशास्त्र. पण हजेरीपट सोडला तर त्यांना कोणी नुसतं कौतिक म्हटलेलं मी ऐकलं नाही. प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना कौतिकभाऊच म्हणत.

कॉलेज रावेर तालुक्यातलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण या हकिकतीतली काही माणसं अजून आहेत. माझे यजमान तिथे भौतिकशास्त्र शिकवत. १९७९ साली ते गेले आणि संस्थेनं मला कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहारासाठी घेतलं. माझे वडील भुसावळला रेल्वेत होते आणि माझं शिक्षण तिथल्या सिस्टरांच्या शाळेत झालेलं, त्यामुळे इंग्रजी बरं होतं. टंकलेखन चाळिशीनंतर शिकले. माझ्या खिडकीसमोर पटांगण आणि पटांगणापलीकडे प्रयोगशाळेचं दार. त्या दारात कौतिकभाऊंना मी सोळा वर्षं पाहिलं.

ते सावद्याजवळच्या एका खेड्यातले. सातवी पास. घरी चार बिघे केळी, पण ती धाकटा भाऊ पाही. कॉलेजात ते आले ते सामान उचलायला. माझ्या यजमानांनी त्यांच्या हातात एकदा काचपेटीतला तराजू दिला, तेव्हा त्यांनी म्हणे विचारलं होतं की याच्यात काय मोजायचं, हा तर वाऱ्यानंही हलतो. वर्षभरात ते तो तराजू उघडून साफ करायला शिकले. सात वर्षांत असं झालं की नवीन प्राध्यापक आले की उपकरण कुठे दगा देतं ते त्यांना कौतिकभाऊच सांगत. तराजूची दांडी जिच्यावर टेकते ती धार झिजली तर ते दाढीच्या पात्याचा तुकडा बसवत. भिंगं लावायची लाकडी पट्टी त्यांनी सुताराकडून सागाची करून घेतली होती आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा स्वतः सुईने कोरल्या होत्या. काचेचं सामान जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवत. फडकी बेबाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर शनिवारी धुऊन पाठवत.

इतकं करूनही सामान अपुरं ते अपुरंच. आमच्याकडे बी.एस्सी.ची फक्त पहिली दोन वर्षं होती. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला विद्यापीठ मान्यता देईना, कारण त्या वर्गाची उपकरणंच नव्हती. त्याचा अर्थ कागदावर साधा दिसतो. प्रत्यक्षात दर जूनमध्ये मुलगे दाखला घेऊन जळगावला नाहीतर भुसावळला जात, आणि मुली दाखला घेऊन घरी जात. खोली करून मुलीला परगावी ठेवणं आमच्याकडे तेव्हा कोणाच्या मनातही येत नसे. १९८६ साली दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सव्वीस मुलं होती आणि त्यांत पाच मुली. त्यांतली एक कुंदा, कौतिकभाऊंची.

त्या ऑगस्टमध्ये दिल्लीहून एक परिपत्रक आलं. कॉलेजांतलं विज्ञान आणि गणिताचं शिक्षण सुधारण्यासाठी अनुदान मिळणार होतं. उपकरणं, पुस्तकं, शिक्षकांना सुट्टीतलं प्रशिक्षण, गणितासाठी वेगळे तास. अर्ज इंग्रजीत करायचा होता, म्हणून तो माझ्याकडे आला.

आमचे प्राचार्य रतिलाल सर मराठीचे प्राध्यापक. माणूस मनाचा मोठा, आणि विशेषणांचा हौशी. त्यांनी मराठीत लिहून दिलेल्या मसुद्यात आमचं कॉलेज सातपुड्याच्या पायथ्याशी तेवणारा ज्ञानदीप होतं. मी त्यांना म्हटलं की दीप नीट तेवत असेल तर दिल्लीचे लोक तेल कशाला घालतील. त्यांना ते पटलं, पण वाईट वाटलं. आपणच आपली उणी बाजू टाइप करून दिल्लीला पाठवायची म्हणजे काय, असं ते दोनतीनदा म्हणाले. शेवटी ज्ञानदीप गेला आणि यादी राहिली.

यादी कौतिकभाऊंनी सांगितली. मी त्यांच्यापुढे वही घेऊन बसले आणि ते न बघता बोलत गेले. काचपेटीतले तराजू दोन, त्यांतला एक चालतो. सेकंद मोजायचं घड्याळ एक. वर्णपटमापक नाही. भिंगांची पट्टी घरी केलेली. मी विचारलं नव्हतं तेही त्यांनी सांगितलं, अमुक तारेचा रोध छापलाय त्यापेक्षा जास्त भरतो वगैरे. मग हे सगळं कशासाठी म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं की अनुदान आलं तर तिसऱ्या वर्षाची उपकरणं येतील, आणि उपकरणं आली तर वर्ग निघेल.

“येत्या जूनमधी?”

“कमिटी वेळेवर आली तर येत्या जूनमध्ये.”

दुसऱ्या दिवसापासून पोस्टमन फाटकातून आत आला की ते प्रयोगशाळेच्या दारातून माझ्या खिडकीकडे बघत. मी मान हलवून नाही म्हणे. असं साडेचार महिने चाललं.

पत्र आलं. दोघांची समिती मंगळवार, २० जानेवारीला येणार होती. रतिलाल सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की दिल्लीच्या वतीनं पाहुणे येताहेत, आवारात कागदाचा कपटा दिसता कामा नये, आणि प्रयोगशाळा अशी दिसली पाहिजे की पाहणाऱ्यानं मान डोलवावी. एवढंच ते बोलले. कौतिकभाऊ मागे उभे होते. त्यांनी शनिवार-सोमवारची रजा टाकली. तोवर मी त्यांची अशी रजा कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, कुंदाला बघायला कोणी येणार असेल.

इथे एक रीत सांगायला हवी. मार्चमध्ये विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा असे. बाहेरचे परीक्षक येत, आणि एका टेबलाला एक उपकरण लागे. तेवढं कोणत्याच लहान कॉलेजात नसे. मग परिचर मंडळी आपसांत भागवत. धुळ्याच्या कॉलेजातला परिचर दोन तराजू फडक्यात बांधून एस.टी.नं आमच्याकडे आणून देई, परीक्षा झाली की ते परत जात, आणि पुढच्या आठवड्यात आमची सागाची पट्टी धुळ्याला जाई. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कुठे लिहीत नसे. ही मंडळी एकमेकांना वर्षातून एकदाच भेटत, पण एकमेकांच्या घरचं सगळं त्यांना माहीत असे. आमच्या कौतिकभाऊंचा यांतला जिवाभावाचा माणूस म्हणजे धुळ्याचा तोताराम, मूळचा शिंदखेड्याकडचा.

मंगळवारी सकाळी समितीच्या मागून फाइल घेऊन मी प्रयोगशाळेत शिरले आणि दारातच थांबले. भिंतीला लागून पांढरी चादर घातलेलं टेबल, आणि त्यावर ओळीनं काचपेटीतले नऊ तराजू. पलीकडे दोन वर्णपटमापक, तीन घड्याळं, पितळी मापं तांबूस उजेडात चमकताहेत. कौतिकभाऊ धुतलेली टोपी घालून कोपऱ्यात उभे. मुलीकडच्या घरी पाहुणे यायच्या दिवशी शेजारची भांडी फळीवर मांडलेली असतात आणि घरची माणसं त्यांच्याकडे न बघता उभी असतात, तसे ते उभे होते.

माझ्या हातातल्या फाइलमध्ये तराजू दोन होते.

भौतिकशास्त्राचे रुपचंद सर आपल्या बुटांकडे पाहत होते. त्यांनी या गोष्टीला परवानगी दिली नव्हती आणि नाहीही म्हटलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. रतिलाल सर मात्र या खोलीत वर्षानुवर्षं आले नव्हते. त्यांचा चेहरा फुलून आला. समितीचे प्रमुख बडोद्याचे वयस्क प्राध्यापक होते, उंच, करड्या स्वेटरातले. त्यांनी एका तराजूची पेटी उघडली, आत वाकून पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले की हे तर उत्तम राखलंय. रतिलाल सरांनी लगेच सांगितलं की आमच्या संस्थेनं विज्ञान विभागाला कधी काही कमी पडू दिलेलं नाही.

मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. एवढ्या लोकांत कौतिकभाऊंना खाली पाहायला लावायचं माझ्या जिवावर आलं, हे खरं; आणि मी टाइप केलेला अर्ज खोटा ठरतोय याची लाज वाटली, हेही खरं.

समिती प्राचार्यांच्या खोलीत जेवायला बसली. भरीत, कळण्याची भाकरी, शेवेची भाजी. पान वाढता वाढता प्रमुखांचं बोलणं माझ्या कानावर पडलं ते असं, की अर्ज वाचून आपण वेगळं चित्र मनात धरून आलो होतो, इथली स्थिती समाधानकारक आहे, यापेक्षा गरजू कॉलेजं पुष्कळ आहेत. दुसऱ्या सदस्य नागपूरच्या गणिताच्या प्राध्यापक बाई होत्या. त्या माझा अर्ज पुन्हा वाचत होत्या आणि बोटानं आकडे मोजत होत्या.

मी पटांगण ओलांडून प्रयोगशाळेत गेले. कौतिकभाऊ पेट्यांच्या काचा पुसत होते.

“काय म्हने साहेब?”

“म्हणाले, तुमच्याकडे सगळं आहे. तुम्हांला द्यायची गरज नाही.”

त्यांचं फडकं थांबलं.

“पन पाहुने येनार म्हने, अक्का. रिकामं घर कसं दाखवाचं?”

“भाऊ, ते रिकामंच बघायला आले होते.”

ते स्टुलावर बसले. माझ्यासमोर ते कधी बसत नसत. मी त्यांना दोष दिला नाही, आणि देऊही शकत नव्हते. त्यांच्या हिशेबी परीक्षक आणि समिती यांत फरक तो काय? दोघं बाहेरचे, दोघं तपासायला येणारे, दोघांसमोर कॉलेजची इज्जत. जे दर मार्चला करत तेच त्यांनी जानेवारीत केलं होतं, आणि मन लावून केलं होतं. जळगावहून पाच आणि धुळ्याहून दोन तराजू त्यांनी मांडीवर घेऊन आणले होते.

मी म्हटलं, मी जाऊन सांगते. त्यांनी मान हलवली.

“तुमी सांगसान तं तुमच्या नावावर जाईन. मीच सांगतो. तुमी फक्त इंग्लिश करा.”

पुढची दहा मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. ते खोलीत आले, दारापाशी उभे राहिले. समितीचे प्रमुख हात पुसत होते. कौतिकभाऊंनी टोपी काढली नाही. आमच्याकडे मोठ्यांसमोर टोपी काढत नाहीत, घालतात.

“साहेब, तिथं जे मांडलं ते आमचं नही. दोन तराजू आमचे. बाकी मी मांगून आनले.”

मी इंग्रजीत सांगितलं. रतिलाल सरांच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

कोणाकडून आणले, असं प्रमुखांनी विचारलं.

“ते मी सांगनार नही.”

मी तेही जसंच्या तसं सांगितलं. ज्यांनी सामान दिलं त्यांनी आपापल्या प्राचार्यांना न विचारता दिलं होतं. नाव निघालं असतं तर त्यांच्या नोकरीवर आलं असतं. हे मला ठाऊक होतं, पण भाषांतरात मी आपलं काही घातलं नाही.

प्रमुख रागावले नाहीत. त्यांनी विचारलं ते फार रास्त होतं. सकाळी एक देखावा पाहिला, आता हा दुसरा नसेल हे आम्ही कसं ओळखावं? मी ते मराठीत सांगितलं.

तेव्हा नागपूरच्या बाई मराठीत म्हणाल्या, “मुलांची जर्नलं आणा. दुसऱ्या वर्षाची सगळी.”

सव्वीस जर्नलं आली. बाईंनी जेवणाची पानं बाजूला सारली आणि लंबकाचा प्रयोग काढून एकेक जर्नल उघडं ठेवत गेल्या. लंबक झुलवायचा, वीस झोके मोजायचे, घड्याळ बघायचं, त्यावरून पृथ्वीचं आकर्षण किती ते काढायचं. पहिल्या जर्नलात उत्तर ९७९.२. दुसऱ्यात ९७९.२. तिसऱ्यात तेच. नुसतं उत्तर नव्हे, वीस झोक्यांना लागलेले सेकंदसुद्धा दशांशापर्यंत तेच. एक घड्याळ, एक लंबक आणि सव्वीस मुलं. एकानं बघायचं आणि बाकीच्यांनी लिहायचं. त्या एकानंही बघून लिहिलं होतं की पुस्तकातल्या उत्तरावरून मागे येत लिहिलं होतं, देव जाणे. आम्ही सगळे हे वर्षानुवर्षं पाहत होतो आणि त्यात काही पाहण्यासारखं आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. मी अर्जात सगळं लिहिलं, एवढं लिहिलं नाही.

एका जर्नलात ९५१ होतं. शेजारी लाल शाईत ‘पुन्हा करा’. खाली पुन्हा केलेलं, ९५३. पुन्हा लाल शाई.

हे कोणाचं, असं बाईंनी विचारलं.

“हाये एक पोरगी,” कौतिकभाऊ म्हणाले.

मी ‘एक मुलगी’ एवढंच इंग्रजी केलं. जर्नलाच्या वेष्टनावर कुंदाचं नाव होतं, पण उघड्या जर्नलाचं वेष्टन खाली होतं.

हिचंच एवढं चुकलं कसं, असं प्रमुखांनी विचारलं.

“तिचं नही चुकलं साहेब. आमचं घड्याय पुढं पयते. तिनं जे पाह्यलं ते लिव्हलं.”

प्रमुखांनी ते जर्नल हातात घेऊन बराच वेळ चाळलं. मग घड्याळ मागवलं, आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी पाच मिनिटं लावून पाहिलं, आणि सव्वाचार सेकंद पुढे जातं असं कागदावर टिपलं. कोणी कोणाची स्तुती केली नाही. चार वाजता जीप भुसावळकडे गेली.

मार्चमध्ये उत्तर आलं. कोणाचाही उल्लेख नव्हता. यादी आणि प्रत्यक्ष सामान यांचा मेळ बसत नाही, तरी नव्यानं मोजणी करून पुढच्या वर्षी अर्ज करावा, असं दोन ओळींत होतं. म्हणजे त्या जूनमध्ये तिसरं वर्ष निघणार नव्हतं.

कौतिकभाऊंना मेमो द्यावा लागला. तो मीच टाइप केला. त्यांनी सही केली आणि काय लिहिलंय ते विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी रतिलाल सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “बाई, ‘काही कमी पडू दिलं नाही’ हे तर मी म्हटलं होतं. माझा मेमो कोण काढणार?” पुढच्या अर्जात ते एक विशेषणही घालू द्यायला तयार नव्हते.

मे महिन्यात कुंदा दुसरं वर्ष पास झाली. निंभोऱ्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. कौतिकभाऊ हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. याच सुमारास एका रविवारी तोताराम त्यांच्या घरी येऊन धडकला. मी त्या दिवशी तिथे होते. बेबाबाईंनी पापड करायला बोलावलं होतं. तोतारामनं पाणीसुद्धा न पिता मुद्द्याला हात घातला. कुंदानं धुळ्याच्या कॉलेजात नाव घालावं आणि त्याच्या घरी राहावं. त्याच्या बायकोला, सुंदरबाईला, विचारूनच तो आला होता.

कौतिकभाऊ म्हणाले, पोर दुसऱ्याच्या घरी ठेवली तर गाव काय म्हणेल.

“दुसरानं घर?” तोताराम आपल्या अहिराणीत म्हणाला. “समितीनी तुले नाव इचारं, तू सांगं नही. मी आज नोकरीवर शे. आते ते घर मनं एकलानं शे का?”

कौतिकभाऊंनी विषय बदलला. ऊन फार, बस रिकामी होती का, असं काहीबाही. तोतारामला त्याचा राग आला. तराजू मांगाले लाज नही वाटनी, आणि पोर द्यायला वाटते, असं तो माझ्याकडे बघत म्हणाला. तेव्हा बेबाबाई पोळपाटावरून मान वर न करता बोलल्या.

“पोरीले कोनी इचारलं का?”

कोणी विचारलं नव्हतं. कुंदा वाळवणावरचे कावळे हाकलत अंगणात उभी होती. तिला हाक मारली. ती आली, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत जाते म्हणाली.

ती गेली. वर्षानं दुसऱ्या वर्गात बी.एस्सी. झाली आणि पुढे शिंदखेड्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. निंभोऱ्याचं स्थळ दुसरीकडे जुळलं. तिची गोष्ट चांगली झाली, आणि कौतिकभाऊंची हकिकत इथे संपवता आली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

पण वर्गात मुली पाच होत्या. धुळ्याला जाऊ शकली ती एक. बाकीच्या चौघींचे दाखले त्या जूनमध्ये मीच टाइप केले, आणि ते न्यायला त्या आल्या तेव्हा कौतिकभाऊ प्रयोगशाळेचं दार आतून लावून बसले होते. का, ते मला तेव्हा समजलं नाही.

दुसरा अर्ज मंजूर झाला. त्या वेळी समिती आली तेव्हा टेबलावर दोन तराजू आणि एक घड्याळ होतं, आणि घड्याळाला चिठ्ठी बांधलेली, पाच मिनिटांत सव्वाचार सेकंद पुढे. एप्रिल १९८८ मध्ये मंजुरीचं पत्र आलं, जूनमध्ये विद्यापीठाची मान्यता आली. कॉलेजात पेढे वाटले. कौतिकभाऊंनी पेढा खिशात ठेवला आणि मला म्हणाले, “अक्का, एक काम हाये. बाईमानूस संगं पाहिजे.”

काम असं, की त्या चार मुलींच्या घरी जायचं. वर्ग निघाल्याचं सांगायचं. मी म्हटलं, आपण कार्ड टाकू. ते म्हणाले, कार्ड घरातला माणूस वाचतो आणि फळीवर ठेवतो.

तीन रविवार आम्ही एस.टी.नं हिंडलो. एकीचं लग्न होऊन ती सुरतेला गेली होती. तिच्या आईनं आम्हांला चहा दिला आणि कशासाठी आलो ते ऐकून घेऊन पुन्हा एकदा चहा दिला. दुसरी अध्यापिका विद्यालयात शिकत होती आणि सुखी होती. तिसरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती ती बाळंतपणासाठी राहिली होती. तिनं कौतिकभाऊंना ओळखलं, पदर नीट केला, आणि नवीन तराजू किती आले ते विचारलं. नऊ, असं ते म्हणाले.

चौथी लता. तिचं सासर रावेरच्या अलीकडे, रस्त्याला लागून. अंगणात ट्रॅक्टर, केळीच्या पानांचा ढीग, आणि बाजेवर तिचे सासरे झुलालबुवा, हातात अडकित्ता घेऊन. नवरा बागेत गेला होता. लता आत होती. झुलालबुवांनी मला बाजेवर बसवलं, कौतिकभाऊंना खुर्ची दिली, आणि काय काम काढलं म्हणून विचारलं.

कौतिकभाऊंनी सांगितलं. तिसऱ्या वर्षाचा वर्ग निघालाय, सामान नवं आहे, सूनबाईंचं एकच वर्ष राहिलंय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल.

झुलालबुवा म्हणाले, लग्न झालेल्या बाईला आता बी.एस्सी.चं काय करायचं? घरात काम थोडं आहे का? शिवाय आमच्या सुनेचं तुम्हांला काय पडलंय? ते उर्मटपणे बोलले नाहीत. सुपारी कातरता कातरता, सहज बोलले. “तुमची कोन लागते ती?”

“लागत कोनी नही.”

“मंग?”

कौतिकभाऊंनी खुर्चीच्या हातावर हात ठेवले.

“तिचं वरीस माह्यामुये गेलं, आबा.”

झुलालबुवांचा अडकित्ता थांबला. काय झालं होतं ते कौतिकभाऊंनी मग सगळं सांगितलं. नऊ तराजू, समिती, मेमो. आपल्या पोरीची सोय झाली हेही सांगितलं. कुठे आवाज चढला नाही, कुठे आपली बाजू मांडली नाही. मी त्यांना इतकं सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. म्हातारबुवांनी पूर्ण ऐकून घेतलं. सुपारीचा एक तुकडा कौतिकभाऊंपुढे केला, आणि एक स्वतः तोंडात टाकला.

मग दाराकडे तोंड करून म्हणाले, “लता, तुहं कॉलेज किती वाजता भरते?”

“साडेदहाला,” आतून लगेच उत्तर आलं. इतकं लगेच, की झुलालबुवांना हसू आलं आणि ते त्यांनी मिशीत लपवलं.

“सव्वानऊची बस पकडा लागीन,” कौतिकभाऊ म्हणाले. “तिच्यानंतरची भरोशाची नही.”